रिकामा जॅक गप्प का बसत नाही: सांगलीतल्या एका व्हीसीए मॉड्यूलचं प्रकरण

मॉड्यूलर सिंथेसायझरचं, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) केबलींनी एकमेकांना जोडून वाजवायच्या वाद्याचं, सर्किट पहिल्यांदा काढणारा माणूस बहुधा एकच अवस्था डोळ्यांसमोर ठेवतो: सगळ्या केबली लागल्यात आणि प्रत्येक इनपुटला कुठून ना कुठून सिग्नल येतोय. वाजवायला बसलं की बरेचसे जॅक (केबल घालायची भोकं) रिकामे असतात. त्या रिकाम्या जॅकवर किती व्होल्ट असावेत हे बनवणाऱ्यानं ठरवलं नाही, तर बोर्डवरचा शेजारचा तांब्याचा ट्रॅक, घरातली ५० हर्ट्झची वीज आणि कुठला तरी भलताच रेझिस्टर मिळून ते ठरवतात. या एका मॉड्यूलमध्ये तीन तक्रारी होत्या. तिन्ही वेगळ्या दिसत होत्या आणि तिन्हींचं मूळ याच जागी निघालं.

सांगलीतल्या एका हौशी नाट्यगटानं एकांकिकेचं पार्श्वसंगीत विंगेत बसून प्रत्यक्ष वाजवायचं ठरवलं होतं. सोबतीला मिरजेचा तानपुरा आणि त्याच्या षड्जाला लावलेला सिंथेसायझरचा संथ सूर. सिंथेसायझर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मिरजेच्याच एका मुलानं स्वतः जोडलेला. पद्धत युरोरॅक, म्हणजे डीटर डोएप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीत रूढ केलेली: ३.५ मिमीचे मोनो जॅक आणि +१२ व −१२ व्होल्टचा पुरवठा. बाकी मॉड्यूल किटमधून आलेली होती. चार चॅनेलचा व्हीसीए-मिक्सर (व्हीसीए म्हणजे कंट्रोल व्होल्टेजप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारा ॲम्प्लिफायर) आणि त्याच पत्र्यावरचा छोटा ठोके देणारा भाग मात्र त्याचं स्वतःचं डिझाइन होतं, आणि त्रास तिथंच होता.

तक्रारी त्याच्याच शब्दांत देतो.

"काका, इकडं कंट्रोलची केबल घातली की तिकडच्या चॅनेलचा आवाज वाढायलाय."

"तिसऱ्या चॅनेलला काहीच लावलेलं नाही, तरी त्यात पहिल्याचा आवाज येतोय. चिरका, नुसती वरची पट्टी."

"आणि तालमीत स्तब्धतेच्या जागी क्लॉक थांबवला की हे आपलं आपणच ठोके द्यायला लागतंय."

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येण्याआधी त्यानं व्हीसीएचे दोन्ही आयसी, एलएम१३७००, बदलले होते. एका आयसीत दोन ॲम्प्लिफायर, म्हणून चार चॅनेलला दोन. फरक शून्य. पुरवठा खाली बसतो की काय अशीही त्याला शंका होती, पण मीटरवर +१२ ची रेल (पुरवठ्याची वाट) केबल लावताना-काढताना जागची हलत नव्हती. तेव्हा संशय जॅकवरच आला.

जॅकच्या आत

या कामात वापरतात तो ३.५ मिमीचा उभा जॅक तीन पायांचा असतो. एक पाय स्लीव्हचा, म्हणजे ग्राउंड. दुसरा टिपचा, ज्यावर सिग्नल येतो. तिसरा पाय स्विचचा, आणि घोटाळा तिथंच होतो. जॅक रिकामा असताना टिपची पितळी पट्टी स्वतःच्या ताणानं स्विचच्या पट्टीला टेकलेली असते. केबलीची पिन आत गेली की तिचं टोक टिपच्या पट्टीला बाजूला ढकलतं आणि स्विच सुटतो. म्हणजे स्विचच्या पायावर तुम्ही जे जोडाल, तेच रिकाम्या जॅकच्या टिपवर दिसतं. काहीच जोडलं नाही, तर टिप अधांतरी. या जोडणीला नॉर्मलिंग म्हणतात. हा स्विच टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून चालत आलेला आहे. १९७१ सालचा एआरपी २६०० सिंथेसायझर एकही केबल न लावता वाजायचा तो याच्याच जोरावर: आतली जोडणी तयार असायची आणि पिन घातली की तेवढीच तुटायची. उलट बुक्ला किंवा सर्ज या नावांच्या मॉड्यूलर वाद्यांतल्या बनाना सॉकेटांना (एकाच तारेच्या सॉकेटांना) असा स्विच नसतो. तिथं रिकाम्या इनपुटचा निर्णय संपूर्णपणे मागच्या सर्किटला घ्यावा लागतो.

कुठला पाय कशाचा हे डेटाशीटवरून कळतं, पण सोल्डर करण्याआधी मीटरच्या बझरवर तपासावं. जे दोन पाय रिकाम्या जॅकमध्ये वाजतात आणि पिन घातल्यावर वाजायचे थांबतात, ते टिप आणि स्विच. या मुलानं तपासलं होतं आणि पाय बरोबरच होते. एक सोपी शक्यता तिथंच निकालात निघाली.

पहिली तक्रार: शेजाऱ्याचा आवाज वाढतो

प्रत्येक चॅनेलला कंट्रोल व्होल्टेजचा एक जॅक. त्याची टिप १०० के (के म्हणजे हजार ओहम) पॉटच्या, म्हणजे नॉबच्या बदलत्या रेझिस्टरच्या, वरच्या टोकाला, पॉटचं खालचं टोक ग्राउंडला, मधला पाय टीएल०७२ या दोन ऑप-ॲम्पच्या आयसीनं केलेल्या बफरमध्ये (व्होल्टेज तसंच ठेवून पुढं देणाऱ्या भागात). जॅक रिकामा असेल तेव्हा नॉबनं हातानं आवाज कमी-जास्त करता यावा म्हणून स्विचच्या पायावर +५ व्होल्ट दिलेले. कल्पना उत्तम आणि रुळलेली आहे. मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्स या मॉड्यूलमध्ये दुसरं इनपुट रिकामं असताना +१० व्होल्टला आणि तिसरं +५ व्होल्टला जोडलेलं असतं. केबल न लावता तोच नॉब स्थिर व्होल्टेज देतो.

पण हे +५ आणले कुठून? +१२ च्या रेलवरून ६८ के आणि ४७ के असे दोन रेझिस्टर, मधल्या जागेवरून एकच ट्रॅक, आणि तो चारही जॅकच्या स्विचच्या पायांना. कागदावर १२ × ४७ ÷ ११५ म्हणजे ४.९ व्होल्ट. करंट वाचावा म्हणून किंमती मोठ्या घेतल्या होत्या.

इथं मोजताना एक काळजी लागते. रिकाम्या जॅकचं व्होल्टेज बघायला पिन घालून मीटर लावलं, तर पिन घालतानाच स्विच सुटतो आणि जे मोजायचं तेच गायब होतं. बोर्ड पालथा करून स्विचच्या पायावरच प्रोब टेकवावा लागतो. तसं केल्यावर चारही जॅक रिकामे असताना तिथं २.३ व्होल्ट मिळाले, ४.९ च्या निम्म्याहून कमी. एका जॅकमध्ये पिन घातली, २.७. दुसऱ्यात घातली, ३.२. तिसऱ्यात घातली, ३.८. पहिली तक्रार पूर्णपणे त्या चार आकड्यांत होती.

६८ के आणि ४७ के यांच्या मधल्या जागेचा आतला रोध म्हणजे ते दोन्ही समांतर धरून सुमारे २७.८ के. प्रत्येक रिकामा जॅक त्याच्यावर १०० के चा भार टाकतो. चार रिकामे असले की तो भार २५ के. हिशेब ४.९० × २५ ÷ ५२.८, उत्तर २.३२ व्होल्ट. पिन घातली की स्विच सुटतो, एक भार उतरतो आणि उरलेल्या तिघांचं व्होल्टेज वर चढतं: २.६७, मग ३.१५, मग ३.८४. व्हीसीए रेषीय होता, म्हणजे आवाज व्होल्टेजच्या प्रमाणातच वाढायचा, त्यामुळं पहिल्या केबलीनं बाकीच्यांचा आवाज सुमारे १.२ डेसिबलनं वाढायचा आणि तीन केबली लागेपर्यंत शेवटच्या चॅनेलचा ४.४ डेसिबलनं. एकट्या सिंथेसायझरवर पहिला फरक कुणाच्या कानावरही आला नसता. शेजारी तानपुरा एकसारखा चालू असताना मात्र षड्ज फुगतोय हे गायनाचं काम करणाऱ्या मुलीच्या लगेच लक्षात आलं होतं. तिचं ऐकणं आमच्या मीटरइतकंच बरोबर निघालं.

याच ट्रॅकनं आणखी एक गोष्ट व्हायची. पिन आत जाताना तिचं टोक टिपच्या पट्टीला आधी टेकतं आणि पट्टी मग उचलली जाते. तेवढ्या क्षणापुरती पिन, टिप आणि स्विच तिन्ही एकत्र असतात. केबलीच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या मॉड्यूलचं आउटपुट शून्य व्होल्टवर बसलेलं असलं आणि त्याच्या मालिकेत नेहमीप्रमाणे १ के चा रेझिस्टर असला, तर ते २७.८ के च्या दुबळ्या जागेला सरळ खाली ओढतं. चारही चॅनेल एकदम दबतात आणि स्पीकरमध्ये टक् असा आवाज येतो. मुलानं हे तक्रारीत सांगितलं नव्हतं, कारण जॅक घातला की असा आवाज येतोच असं त्यानं गृहीत धरलं होतं.

उपाय दोन होते. रेझिस्टर ६८० आणि ४७० ओहमचे घेतले, तर आतला रोध २७८ ओहमवर येतो आणि चढउतार ०.१ डेसिबलच्याही आत बसतो. पण त्यासाठी १० मिलिॲम्पिअर कायम जळतात, आणि टक् आवाजाला चारही चॅनेलमध्ये वाट मोकळीच राहते. बोर्डवर टीएल०७२ चा एक अर्धा भाग बिनवापराचा होता. मी तो वापरायला लावला. ६८ के-४७ के तसेच ठेवले, त्यांच्या मधल्या जागेवर ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावला म्हणजे रेलवरची खरखर तिथंच बसते, पुढं बफर, आणि बफरच्या आउटपुटवरून प्रत्येक स्विचच्या पायाला स्वतंत्र १ के. कॅपॅसिटर बफरच्या आधी हवा. तो आउटपुटवर टाकला तर ऑप-ॲम्प स्वतःच ओरडायला लागू शकतो. आता प्रत्येक रिकाम्या जॅकवर ४.८६ व्होल्ट मिळतात, आणि शेजारी काहीही घाला-काढा, ते हलत नाहीत. स्वतंत्र १ के हे या जोडणीचं मर्म आहे. एकाच १ के वरून चौघांना दिलं असतं, तर चूक लहान झाली असती, पण गेली नसती.

दुसरी तक्रार: रिकाम्या चॅनेलमधला चिरका आवाज

ऑडिओ इनपुटच्या जॅकवर स्विचचा पाय कुठंच जोडलेला नव्हता. टिप सरळ बफरला आणि तिथून ग्राउंडला १ मेगओहम. तो १ मेग नसता तर टीएल०७२ चं इनपुट कुठल्याही दिशेला वाहत गेलं असतं, म्हणजे निम्मी काळजी घेतलेली होती. पण पहिल्या आणि तिसऱ्या चॅनेलचे ट्रॅक बरंच अंतर एकमेकांना लगटून गेले होते. दोन ट्रॅकमध्ये अवघे ५ पिकोफॅरड धरले, तरी १ किलोहर्ट्झला त्यांचा रोध सुमारे ३२ मेग होतो आणि १ मेगवर पहिल्या चॅनेलचा आवाज ३० डेसिबल खाली, पण ऐकू येईल असा उतरतो. १० किलोहर्ट्झला तोच जेमतेम १० डेसिबल खाली. म्हणून नुसती वरची पट्टी. त्यात +५ व्होल्टमुळं रिकाम्या चॅनेलचा व्हीसीए उघडाच असायचा, म्हणजे आत शिरलेलं सगळं बाहेर यायलाही दार मोकळं.

स्विचचा पाय ग्राउंडला जोडला आणि रिकामा चॅनेल मुका झाला. १ मेगच्या जागी १०० के पण टाकला, आणि हा बदल अनेक जण अनावश्यक समजतात म्हणून सांगतो. केबल जॅकमध्ये आहे पण तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळतंय, अशी वेळ तालमीत हमखास येते. अशा वेळी स्विच सुटलेला असतो, ग्राउंडची वाट बंद असते आणि दीड मीटरची वायर अँटेना होते. स्विचला पिन आत आहे एवढंच कळतं, पिनेच्या मागं काय आहे हे कळत नाही. ती जबाबदारी रेझिस्टरचीच.

स्विच हा बिघडणारा भाग आहे हेही ध्यानात ठेवावं. टिपची पट्टी प्रत्येक पिनेबरोबर घासून स्वच्छ होते, स्विचच्या टेकणाऱ्या जागेला पिनेचा स्पर्शच होत नाही. आपल्याकडच्या साउंडवाल्यांना हा अनुभव आहे, फक्त कारण सहसा माहीत नसतं. मिक्सरच्या चॅनेलला इन्सर्टचा (बाहेरचं उपकरण मध्ये जोडायचा) जॅक असतो आणि तो रिकामा असताना सिग्नल याच स्विचमधून पुढं जातो. २०१९ च्या महापुरानंतर ओल लागलेले मिक्सर टेबलावर आले, त्यांत चॅनेल मेलेला आणि इन्सर्टमध्ये चार वेळा पिन आत-बाहेर केली की जिवंत, असे बरेच होते. म्हणून ज्या जॅकचा स्विच ग्राउंडला आहे, तिथंही मागं १०० के असलाच पाहिजे. ओलीनं स्विच दगा दिला तरी इनपुट अगदीच बेवारस होत नाही.

तिसरी तक्रार: स्तब्धतेत वाजणारे ठोके

नाटकाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं नुकसान हिनं केलं होतं. क्लॉकच्या जॅकला बाहेरून ठोके आले तर त्यांच्या मागं जायचं, जॅक रिकामा असेल तर मायक्रोकंट्रोलरनं स्वतःचे ठोके द्यायचे, अशी अपेक्षा. मुलानं स्विचचा पाय ग्राउंडला जोडला होता आणि कोडमध्ये अट घातली होती: २ सेकंद ठोका आला नाही, तर जॅक रिकामा समजायचा. थांबवलेला क्लॉकही ० व्होल्ट आणि रिकामा जॅकही ० व्होल्ट. दोन वेगळ्या गोष्टी कंट्रोलरला एकच दिसत होत्या. नटानं घेतलेली स्तब्धता २ सेकंदांपुढं गेली की यंत्र बोलायला लागायचं. वेळ वाढवून ५ सेकंद केली असती, तर तेवढ्या लांब स्तब्धतेत पुन्हा तेच झालं असतं.

इथं एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या मॉड्यूलमधली युक्ती कामाला आली. त्यांच्या प्लेट्ससारख्या मॉड्यूलचं सर्किट आणि कोड खुलं आहे, त्यामुळं ती पद्धत कुणालाही वाचता येते. रिकाम्या जॅकला स्थिर व्होल्टेज द्यायच्या ऐवजी प्रोसेसरची एक आउटपुट पिन स्विचच्या पायांवर चालू-बंदचा यादृच्छिक दिसणारा नमुना पाठवत राहते. इनपुटवर तोच नमुना परत वाचता आला, तर वाट अखंड आहे, म्हणजे जॅक रिकामा. नमुना जुळला नाही, तर केबलीची पिन आत आहे, मग तिच्यावर शून्य असो, पाच असो वा ठोके असोत.

आमच्या बोर्डवर क्लॉकचं इनपुट एनपीएन ट्रान्झिस्टरमधून जात होतं, बेसला १०० के. कंट्रोलरच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून १० के घेऊन स्विचच्या पायाला दिला, ग्राउंडचा ट्रॅक ब्लेडनं कापला. बेसला सुमारे २४ मायक्रोॲम्पिअर मिळतात, कलेक्टरच्या १० के ला खाली ओढायला तेवढे पुरतात. ट्रान्झिस्टर उलटं दाखवतो, ते कोडमध्ये सरळ केलं.

एक अडचण नमुन्यातूनच उभी राहते. केबल काढल्या क्षणी नमुना इनपुटवर येतो, आणि तो ओळखला जाईपर्यंत त्यातले चढ ठोके म्हणून मोजले जाऊ शकतात. मुलानं यावर काढलेलं उत्तर मला मनापासून आवडलं. एक बिट ५० मायक्रोसेकंदांचा, ३२ बिटांचा नमुना, आणि त्यात सलग पाचपेक्षा जास्त १ नाहीत. म्हणजे नमुन्यातला सर्वांत लांब चढ २५० मायक्रोसेकंदांचा. अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा आखूड चढ ठोका मानायचाच नाही अशी अट घातली. मॉड्यूलमधून येणारे खरे ट्रिगर (ठोक्याचे सिग्नल) साधारण १ मिलिसेकंद किंवा त्याहून लांब असतात, ते सुटतात. पूर्ण नमुना १.६ मिलिसेकंदांत वाचून होतो, कानाला उशीर जाणवत नाही.

"मग केबल लावलीय आणि पलीकडचं मॉड्यूल बंद आहे, तर काका?" त्यानं विचारलं. तर पिन आत आहे असं दिसेल आणि ठोके थांबलेले राहतील. नाटकाला तेच हवं होतं: वाजवणाऱ्यानं केबल हातानं काढल्याशिवाय यंत्रानं स्वतःहून काही करू नये.

हीच युक्ती व्हीसीएच्या चार कंट्रोल जॅकना लावावी असा त्याचा पुढचा विचार होता. मी नको म्हटलं. ते जॅक कंट्रोलरकडे जातच नाहीत, सरळ ॲनालॉग सर्किटमध्ये जातात. तिथं नमुना पाठवला तर तो आवाजात ऐकू येईल.

नव्या बोर्डसाठी ठरलेलं

जुन्या बोर्डवर जंपर वायरी घालून प्रयोग पार पडला. नव्या बोर्डच्या सर्किट डायग्राममध्ये जॅकच्या चिन्हाला तिसरा पाय सगळीकडे काढायचा आणि तो कुठं जातो ते तिथंच लिहायचं, हे आम्ही दोघांनी मान्य केलं: ऑडिओचे चार ग्राउंडला; कंट्रोलचे चार बफरमधून स्वतंत्र १ के घेऊन +५ ला; क्लॉकचा १० के मधून नमुन्याच्या पिनला. आउटपुटच्या जॅकचाही विचार केला. चॅनेलच्या आउटपुटला केबल लागली की तो चॅनेल एकत्र मिक्समधून वगळला जावा, अशी सोय मॅथ्समध्ये आहे आणि ती त्याला हवी होती. त्यासाठी आउटपुटच्या टिपवरचा सिग्नल स्विचच्या पायातून मिक्सच्या रेझिस्टरकडे न्यावा लागतो. जागा होती, ट्रॅक टाकला. पत्र्यावर चारही कंट्रोल जॅकखाली "+५" कोरायला दिलं आहे, कारण तालमीला ते मॉड्यूल आता त्याच्याशिवाय आणखी दोघं वाजवतात, आणि रिकामा चॅनेल उघडा का आहे हे त्यांना बघताक्षणी कळायला हवं.